नवरदेव बोडीत बुडालेला नवरदेव

नवरदेव बोडीत एका नवरदेवाला मी बुडवून मारलं, तेही बोडी बुजून तिथे प्लॉट पडल्यावर.

बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. कुडव्यातल्या त्या बोडीवर आता आमचं घर आहे, पिठाची चक्की आहे, मोबाइलचं दुकान आहे. पाणी म्हणाल तर फक्त नळाला, तेही एक दिवसाआड! नाव मात्र टिकलं. ते का पडलं, हे गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. आणि मी पडलो हायस्कुलात इतिहास शिकवणारा! 'मला ठाऊक नाही' हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत.

त्या रविवारी माझ्या मुलीला, पल्लवीला, बघायला फुलचूरहून पाहुणे आले. बघणं नावालाच. पोरापोरीचं आधीच जमलेलं. मुलाच्या आईचा होकार तेवढा बाकी होता. पोहे झाले, बाई खूश दिसत होत्या. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "नवरदेव बोडी नाव काऊन पडलं जी?"

बायकोने मला डोळ्यांनी दटावलं. (इतका जुना संसार, पण तिचे डोळे मला नेहमी अर्ध्या तासाने कळतात.)

"फार हृदयद्रावक इतिहास आहे!" मी घसा खाकरला. मग काय विचारता! वरात आली, बोडी फुटली, नवरदेव घोड्यासकट गेला, नवरीने पाळीवरच, म्हणजे बोडीच्या बांधावरच, प्राण सोडला. अमावास्येला अजून बाशिंग दिसतं, हेही ठोकून दिलं!

मुलाच्या आईने कप खाली ठेवला. "म्हणजे आमच्या पोराची वरात इथंच येणार? नाही जी. नाही जमत हा रिश्ता."

"अहो, जुनी गोष्ट आहे ती!"

"बाशिंग तर अजून दिसून राहिलं ना?"

पल्लवीचे डोळे भरले. "बाबा, त्याला जिवंत ठेवला असता तर तुमचं काय बिघडलं असतं?"

पोरीचं ठरत आलेलं लग्न मी माझ्याच तोंडाने मोडलं होतं! पाहुणे चपला शोधायला उठले.

कोपऱ्यात माझी आत्या सुपारी कातरत बसली होती. मुद्दाम आमगावहून आली होती. अडकित्ता खाली ठेवून ती गरजली, "अरे बाबू, माह्या बापाले कायले बुडवून राहिला?"

"तुझ्या बापाला? म्हणजे आमच्या आजोबांना?"

"नाही तं का! माह्या आईचं माहेर हेच ना. सासऱ्यानं हातातली उजेडाची बॅटरी कबूल केली होती, ते देल्ली नाही. मंग बाबा बाशिंग बांधून बसले रुसून, बोडीच्या पाळीवर, दिवसभर! सारं गाव पाहून गेलं. तवापासून हे नवरदेव बोडी!"

"मंग?" मुलाची आई चप्पल हातात धरून थांबली.

"मंग का? वड्याचा वास आला, गेले उठून!"

"म्हणजे मेले नाही?"

"मेले ना. खाटेवर. नातवंडं पाहून."

बाई पदर तोंडाला लावून खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मुलगा लाजत म्हणाला, "आई, मला बॅटरी नको. मोबाइलमध्येच आहे."

रिश्ता पक्का झाला. पल्लवी आत्याच्या गळ्यात पडली, माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मुलाकडच्यांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. अट एकच घातली: मांडवात मुलीच्या बापाच्या हातात माइक द्यायचा नाही. बायकोने ती मला न विचारता, दोन्ही हात जोडून मान्य केली!