जेठांच्या नावावर घ्यायचे बाँड

आमच्या घरात जेठांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, बायका बोलत नाहीत. लग्न होऊन बुधवारा मोहल्ल्यात आले तेव्हापासून मी त्यांच्याशी सरळ बोललेच नव्हते. काही सांगायचं असलं तर मुलीला सांगायचं, मग ती त्यांना सांगायची.

नवरा वारल्यावर आमचे पावरलूम विकले. ते पैसे माझ्या नावावर बँकेत एफडीत आहेत. त्याच्याच व्याजावर मी आणि मुलगी राहतो. मागे मुदत संपत आली तसे जेठ एका माणसाला घरी घेऊन आले. तो म्हणे बाँडचं काम करतो. मी दाराआड उभी राहिले.

"सरकारी बँक स्वतःच कर्ज घेतेय," तो म्हणाला. "एफडीहून जास्त व्याज देते."

मला तिथेच खटकलं. एवढ्या लोकांचे पैसे बँकेत पडलेले असताना तिला कर्ज कशाला हवं? मी मुलीच्या कानात म्हटलं, पैसे परत कधी ते विचार.

"याला परतीची तारीख नसते. बँकेला वाटलं तर परत करते. तोवर व्याज सुरू."

"आणि व्याज बंद केलं तर?" हे मुलीने आपल्याच मनाने विचारलं.

"नियमाने करू शकते. पण सरकारी बँक आहे, बेटा, असं करणार थोडीच."

"ही पोरगी वकील होणार," जेठ हसले.

मग खरी गोष्ट निघाली. असे बाँड थोड्या पैशात मिळत नाहीत, तसा नियमच आहे. म्हणून सगळ्या भावांचे पैसे एकत्र करून जेठांच्या नावावर घ्यायचे, आणि व्याज ते वाटून देणार. लहान माणसांना हे विकू नये असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी काही बघूनच ठरवलं असेल. आणि नाव जेठांचं असलं तर उद्या बँकेत मला कोण विचारणार?

"मोठे बाबा, मम्मी नाही म्हणतेय."

"तुझी मम्मी कुठे काय बोलली? गप्प आहे म्हणजे हो आहे. सही घेऊन ये तिची."

मी पदर सावरून बाहेर आले.

"माझे पैसे एफडीतच राहू द्या, दादा," मी जमिनीकडे बघत म्हटलं.

जेठ उठून गेले. त्या माणसाने मात्र चहा पूर्ण पिला.

बाकीच्या भावांनी पैसे दिले. धाकटी जाऊ सांगते, व्याज येतंय. मी विचारते, कोणाच्या खात्यात येतं? तर ती भाजीचे भाव सांगायला लागते.