जावयाच्या वर्गातल्या सासूबाई

सासूबाईंना शिकवण्याचा योग किती जावयांच्या नशिबी येतो? माझ्या आला, आणि आल्यावर मला पळायला जागाही उरली नाही.

नव्वदीची सुरुवात होती. धुळ्याच्या कॉलेजात मी नवखा प्राध्यापक होतो. आठवडाभर पोरांना शिकवायचो, आणि रविवारी त्याच वर्गात मुक्त विद्यापीठाचं, मोठ्यांसाठीचं अभ्यासकेंद्र भरायचं. व्यवस्था मोठी मजेदार होती. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांनी एक पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करायचा. पुस्तकं घरी वाचायची, स्वाध्याय लिहून आणायचे आणि रविवारी येऊन अडलेलं विचारायचं. काही महिन्यांनी परीक्षा. पास झालं की थेट बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश! दहावी-बारावीचं नावही कुणी काढायचं नाही.

पहिल्या रविवारी बाकांवर नजर फिरवली. एस.टी.चा कंडक्टर, दोन पोलीस, एक टेलर. आणि शेवटच्या बाकावर, कपाळाखालपर्यंत पदर ओढलेल्या, माझ्या सासूबाई.

त्या पारोळ्याकडच्या एका खेड्यात अंगणवाडी चालवत. सातवीत असताना लग्न झालं आणि शाळा सुटली ती सुटलीच. आता पर्यवेक्षिकेची जागा खुणावत होती, पण तिला पदवी हवी आणि वयाची अट. आठवीपासून एकेक इयत्ता चढत गेल्या असत्या, तर पदवी हाती येईपर्यंत वय उलटून गेलं असतं. म्हणून ही जवळची वाट.

अडचण एकच. आमच्याकडे सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. लग्नापासून त्यांचा आवाज मी फक्त दाराआडून ऐकला होता. वर्गात दार कुठून आणायचं? त्यांनी शेजारच्या टेलरला दार केलं.

"भाऊ, जवाईस्ले इचार, हाऊ प्रश्न परीक्षामा येई का?"

टेलर उभा राहून प्रश्न पोचवी. मी उत्तर टेलरला देई. टेलरचा अभ्यास मात्र झकास झाला.

बाकीच्यांनी मर्म लगेच ओळखलं. जावयाला सासूचा शब्द मोडता येत नाही! कंडक्टर हळूच म्हणे, "मावशी, सांगा ना तुमच्या जावयाला, आजचा एक धडा कमी करा." निरोप टेलरमार्फत यायचा आणि धडा कमी व्हायचा. शिवाय जावई उपाशी राहू नये म्हणून त्या भरीत आणि कळण्याच्या भाकरी आणत, त्याही अख्ख्या वर्गाला पुरतील एवढ्या. आमचा इतिहास दुपारी जेवणाशी संपे.

एकदा त्यांच्या स्वाध्यायावर मी लाल शाईने लिहिलं, "उत्तर विस्ताराने लिहा." पुढे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाडीला पुरणाचे मांडे खायला गेलो. ताटावर बसलो, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "पोरी, जवाईस्ले इचार, मांडा इस्तारमा वाढू का थोडकामा?" बायको इतकी हसली की वाढायचंच विसरली.

मग तोंडी परीक्षा आली. आमच्या केंद्रावर तिच्यात पास झाल्याशिवाय लेखीला बसता येत नसे. प्रश्न मी विचारायचे, गुण बाहेरून आलेल्या बाईंनी द्यायचे. बाई कडक होत्या.

सासूबाई आल्या. मी विचारलं, "अंगणवाडीत मुलं यावीत म्हणून तुम्ही काय केलंत?"

त्या बाईंकडे वळल्या. "ताई, यास्ले सांगा..."

"मी निरोप पोचवायला बसलेली नाही," बाई म्हणाल्या. "प्रश्न सरांनी विचारलाय. उत्तर त्यांना द्या, नाहीतर शून्य देते."

पंखा कुरकुरत होता. सासूबाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर टेलर उभा होता, पण त्याला आत यायची मुभा नव्हती. मी टेबलाखाली रुमाल पिळत बसलो. एवढी वाट चालून आलेली बाई माझ्यामुळे अडणार होती.

त्यांनी पदर कपाळावरून मागे सारला, खांद्याभोवती घट्ट घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"घरमा जवाई शेतस. आठे सर शेतस. मंग आयका, सर."

घरी मी जावई, इथे सर. आणि ऐकावं लागलं! कुठल्या घरचा बाप पोरीला पाठवत नव्हता, त्याला त्यांनी भर पारावर कसं गाठलं, अंगणवाडीच्या खाऊतली कुणाची सुकडी कुणी खाल्ली, सारं. वेळ संपली तशी मी म्हणालो, "पुरे."

"अजून सरनं नही, सर." त्यांचं अजून संपलं नव्हतं.

बाई गालात हसल्या आणि गुणांचा आकडा लिहिला.

लेखी सोपी गेली. जूनमध्ये त्या बी.ए.च्या वर्गात आल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या. शंका आता थेट मला, एकामागून एक. मी घाबरून केंद्रप्रमुखांकडे वर्ग बदलून मागितला. ते म्हणाले, "त्यांच्या वर्गाला दुसरं कुणी तयार नाही हो. सगळ्यांना विचारून झालंय."

वयाची अट संपायच्या आत सासूबाई पदवीधर झाल्या. तोवर दर रविवारी मी आदल्या दिवशी अभ्यास करून वर्गात जात होतो.