हिराजीकाकांची जीभ

"ओतू नको! बादली खाली ठेव! मारतंस काय त्यांना?"

आमचा नळ बघायला आलेले हिराजीकाका दारातूनच ओरडले. त्या आवाजाने आमच्या बाळकुमची निम्मी कबुतरं भिवंडीला गेली, ती अजून परतलेली नाहीत. मी बादली ठेवली. समोरच्या काचेच्या टाकीत माझ्या मुलीचे, गार्गीचे, दोन नारिंगी समुद्री मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते. गार्गी पंधरा दिवस ट्रेनिंगला गेलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी परतणार होती. जाताना बजावून गेली होती, "बाबा, टाकीतलं पाणी कमी झालं की भरा." मासे समुद्राचे, तेव्हा मी रोज त्यांच्यासाठी आणलेलं मीठ पाण्यात कालवून भरत होतो. हात अजिबात आखडता न घेता.

काकांनी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. त्या जिभेची आमच्या सोसायटीत दहशत होती. काका सोसायटीच्या पाण्याच्या पंपावर कामाला होते तेव्हा पाण्याचा प्रत्येक टँकर चाखून घेत. ड्रायव्हर म्हणे शीळफाट्यापासूनच देवाचा धावा करत यायचे. काका पंगतीत बसले की आचारी मागच्या दाराने पसार. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण आमच्या मजल्यावर आमटी खारट झाली की लोक अजून दाराकडे बघतात.

"पानी उडतं, मीठ उडत नाय," काका म्हणाले. "उडालं तेवढं गोडं पानी घालाचं. तू त्यांचं लोनचं घातलंस रं."

मी धावत गोड्या पाण्याची बादली आणली. पुन्हा आरोळी!

"हलू! पंदरा दिस मीठ चारलंस, आता एका दमात धुतंस?"

मग काका खुर्ची ओढून बसले. टाकीतलं एक पेलाभर पाणी काढायचं, प्युरिफायरचं पेलाभर घालायचं, थांबायचं, चाखायचं, बेसिनमध्ये थुंकायचं. सकाळी अकरापासून हेच. दुपारी बायकोने सुरमईचं कालवण वाढलं, तर ताट सारून म्हणाले, "तोंड बिघडंल. आनि यांच्यासमोर?"

तीनच्या सुमारास धाकटा मासा कुशीवर आडवा झाला. माझ्या डोळ्यांसमोर गार्गीचा चेहरा आला. काका मात्र काचेजवळ वाकले. जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "दम धर, बाय. होतंय."

संध्याकाळी बाय सरळ झाली. मी टाळ्या पिटल्या. काका म्हणाले, "आज एवढंच. बाकीचं उद्या-परवा."

सकाळी गार्गी आली तेव्हा काका पेला घेऊन हजर होतेच. मी सगळी हकिकत सांगितली, माझा गाढवपणा तेवढा जरा आखडून. तिने खारेपणा मोजायचं यंत्र काढून टाकीत धरलं. "अजून जरासं जास्त हाय," काका आधीच म्हणाले होते. यंत्रही तेच म्हणालं.

गार्गी त्यांच्याकडे बघतच राहिली. "काका, हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"बापानं. मिठागर होतं आमचं."

"कुठे?"

काकांनी पेला टाकीत रिता केला.

"खाली तुमची गाडी उभी हाय ना, तिथं."