देवमाशाच्या पिल्लाचा फोटो का नाही

मंडळी, आज सकाळी मिठबावच्या सड्यावरून, समुद्रालगतच्या उंच कातळावरून, देवमासा पाहिला! शप्पथ. फोटो मागू नका, कारण ऐका.

मी, सासूबाई आणि माझ्या कुशीत तीन महिन्यांची लेक. समोर पाण्यातून फवारा उडाला. मग भलीमोठी काळी पाठ, आणि तिला खेटून एक छोटी पाठ. पिल्लू! मी फोन काढला.

"फोन ठेव गो!" सासूबाई ओरडल्या. "बारक्या पोराचो फोटो काढतत? दिष्ट लागात!"

लेकीलाही हाच नियम. तिचा एकही फोटो त्यांनी टाकू दिलेला नाही. त्यावरून आमचं रोज वाजतं.

तेवढ्यात पिल्लू बुडालं ते दिसेचना. आई तिथेच घुटमळत राहिली. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. शेवटी आईच्या शेजारी इवलासा फवारा उडाला, तशी त्यांनी समुद्राकडे हात ओवाळून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग वळून माझ्या लेकीवरूनही.

"मोठा झाला काय येतला परत," त्या म्हणाल्या. "तेवा काढ फोटो."

आज मी वाद घातला नाही. पिल्लू परत येईल तेव्हा लेकही सड्यावर असेल. फोटो तीच काढेल.

तोवर थांबाल ना?