ओटीपोटावरचा हात

कळंब सोडलं तवा काठ्यांवर बोंबील वाळत होते. मी रिक्षात बसले, मांडीवर कपड्यांचं बोचकं. सासू दारात उभी. म्हनली, "बरी हो नि ये. तुझी मासळीची पाटी मी कोनाला देनार नाय." मी तिच्याकडं बघितलंच नाय. बघितलं असतं तर सगळं सांगून बसले असते.

माझे मालक बोटीवर खलाशी होते. खोकून खोकून गेले. टीबी म्हनून सांगितलं, लोकांनी तेच धरलं. मग माझं ओटीपोट दुखायला लागलं. अंगावरून जायचं, त्याला वास यायचा. बाजारात मी मासळीची पाटी अगदी मांडीला लावून बसायची, म्हंजे वास मासळीचा वाटावा. तुमी माझ्या बाजूला बसलेल्या बाया, तुमाला कदी कळलं का? कोन जाने.

सासू म्हनली, "पाटी उचलून उचलून बेंबी सरकली तुझी." आमच्यात बेंबी सरकली की पोट चोळतात. सासूच्या हाताला गुन, अर्नाळ्यापासून बाया यायच्या तिच्याकडं. तिनं तेल कोमट केलं नि चोळलं. जीव जातो का र्‍हातो असं झालं, पन मी दात आवळून पडले. दुसर्‍या दिवशी ताप असा चढला की उभं र्‍हाता येईना.

वसईला इस्पितळात नेलं. डॉक्टरीनबाईनं सासूला बाहेर बसवलं. मला म्हनाली, "गर्भपिशवीच्या नळ्यांत पू झालाय. पोट अजिबात चोळायचं नाही." मग रक्त तपासलं नि परत आली. "मालक कशानं गेले?" मी भिंतीकडं तोंड केलं. ती हळू बोलली. एचआयव्ही. नळ्यांचा आजार कुनाही बाईला होतो, म्हनाली, पन तुमच्या अंगात लढायची ताकद कमी पडलीय, म्हनून पू साठला. औषधं तीच, फक्त वेळ जास्त लागेल, अर्धवट सोडू नका. खरंच होतं. शेजारच्या खाटेवर नळ्यांचीच दुखनेकरी होती, तिच्या रक्तात काय नव्हतं, ती गोळ्यांवर बरी होऊन घरी गेली. माझं पोट कापावं लागलं.

गावात र्‍हायचं तोंड उरलं नाय. सासूला दवाखाना जवळ पडतो म्हनून सांगितलं नि निघाले. नालासोपार्‍याला रूम घेतली, खोट्या दागिन्यांना खडे लावायचं काम धरलं. बिल्डिंगीतल्या बायांना टाके दिसले तर सांगायची, अपेंडिक्स. पुढं एचआयव्हीच्या सरकारी गोळ्या चालू झाल्या, त्यांच्या रांगेत मी डोक्यावरून पदर घेऊन उभी र्‍हायची.

दोनेक वर्षांनी सासू आली. सुकट घेऊन, चार जिने चढून. धापा टाकत म्हनली, "हा कबुतराचा खोका! इथं वारा तरी खारा लागतो का गं?" मी हसले. ती पानी प्याली नि खाली बघत बोलली, "मी चोळलं म्हनून तुझं पोट फाडलं ना? तवापासून मी कोनाच्या पोटाला हात लावला नाय."

माझी लाज सांभाळायची का तिचे हात? शेवटी बोलले. "नाय आई. पू आदीच होता. रक्तात आजार हाय माझ्या. त्यांच्याकडून आला."

तिचा पोरगा होता तो. मला वाटलं, उठली की पेला बाजूला ठेवील नि जाईल.

"झोप," म्हनली. "पोट दाखव."

"आई, नको."

"चोळत नाय गं. नुसता ठेवते."

टाक्यांवर हात ठेवून ती बसली. हाताला सुकटीचा वास होता.

आता ती नाय. कळंबचं घरबी दिराच्या पोरांनी स्लॅबचं केलं, मी जात नाय. लाज अजून हाय, गोळीसारखी रोज गिळते. पन कोनी विचारलं, मावशी, तुमचं घर कुठं, तर माझा हात आपसूक ओटीपोटावर जातो.