दर ओळीला एफ-टू

अकोल्याच्या आमच्या कॉलेजात दोघींत एक कॉम्प्युटर होता आणि लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता. त्यामुळे सी भाषेत प्रोग्राम लिहिताना दर ओळीनंतर एफ-टू दाबून तो सेव्ह करायचा, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. लाइट नसली की वहीत काढलेल्या कीबोर्डवर बोटं चालवायची. मला तो पोरखेळ वाटायचा, पण माझी जोडीदारीण मन लावून करायची. ती तेल्हाऱ्याकडची. माझ्यापेक्षा हुशार, आणि ते मला खुपायचं.

सलग दोन वर्षं कापसानं दगा दिला होता. तिच्या मोठ्या भावानं बजावलं होतं, या वर्षी विषय राहिला तर कॉलेज बंद.

प्रॅक्टिकलला प्रत्येकीला वेगळा कॉम्प्युटर मिळाला. ती माझ्या शेजारीच होती. तिनं कंट्रोल-एफ-नाइन दाबून प्रोग्राम चालवला. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत निळा, लिहिलेलं जसंच्या तसं. उत्तर आलं होतं. फक्त ते पाहायला ऑल्ट-एफ-फाइव्ह दाबावं लागायचं, आणि घाबरून ती नेमकं तेच विसरली. तिला वाटलं, प्रोग्राम चुकला. तिनं माझ्याकडे पाहिलं. सर पार दुसऱ्या टोकाला होते. दोन शब्द कुजबुजले असते तरी भागलं असतं. मी मूग गिळून बसले. भीतीनं नाही, एकदा तरी ती माझ्या मागं राहावी म्हणून.

मग ती बरोबर असलेल्या ओळी बदलत सुटली, आणि प्रत्येक बदलानंतर एफ-टू. चांगला प्रोग्राम तिनं स्वतःच्या हातानं पुसला. सर तपासायला आले तेव्हा पडद्यावर नुसत्या चुकांची यादी होती.

निकाल लागल्यावर तिला पोचवायला मी एसटी स्टँडवर गेले. ट्रंकेवर बसून ती म्हणाली, "पहिल्या खेपेले काहीतरी चमकलं होतं. तेच उत्तर होतं काय वं?"

"हो."

"तुले तवाच समजलं होतं?"

"नाई. मांगून समजलं," मी म्हणाले.

तिला ते खरं वाटलं. माझे डोळे भरलेले पाहून बस लागेपर्यंत तीच मला समजावत राहिली, "तू काहून रडून राहिली? तुह्या हातात काय होतं?"