वाळवणाची जागा

मला लिहिण्याची सवय नाही. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षे पाणीपाळीची पत्रके लिहिली, ती कुणी आवडीने वाचली नाहीत. पण ठमाबाईंबद्दल कुणीतरी लिहायला हवे, आणि या प्रकरणात चूक माझी असल्यामुळे ते काम माझ्याकडे येते.

ठमाबाई इंदापुरात आमच्याच गल्लीत राहतात. वय सत्तरीच्या पुढे. गल्लीतली घरे पत्र्याची, गच्ची कुणालाच नाही. त्यामुळे उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीच्या कुरडया आणि सांडगे मधल्या पटांगणात जुन्या साड्यांवर वाळतात. कोणत्या घराची पाळी कोणत्या दिवशी, हे ठमाबाई ठरवतात. कागद नाही. चाळीस वर्षांत भांडण एकदाच झाले, तेही दोन विहिणींचे.

दोन वर्षांपूर्वी शहराच्या नव्या आराखड्याचा मसुदा लागला. आमच्या पटांगणावर वाहनतळ दाखवला होता. हरकती मागवल्या होत्या.

"गाड्यांखाली कुरडया वाळत न्हाईत, एवढंच लिवा," ठमाबाई म्हणाल्या. मी तेच जरा लांबवून लिहिले. त्यांनी सही केली आणि कागद वाळायला उन्हात धरला.

मग नगररचनेचे साहेब गुरुवारी जागा पाहायला येणार, असे पत्र आले. मी ते वाचून दाखवले आणि घरी गेलो. आणखी एक वाक्य सांगायला हवे होते. सांगितले नाही.

बुधवारी ठमाबाईंनी बायका जमवल्या. साड्या उचलल्या, बाजा भिंतीला उभ्या केल्या, सडा घातला, रांगोळी काढली. गुरुवारी पटांगणात गव्हाचा कणही नव्हता. साहेब तरुण होते, नाव विजयसिंह. त्यांनी चहा घेतला, "जागा छान आहे" म्हणाले आणि वहीत लिहिले, 'जागा मोकळी. कोणताही वापर नाही.'

मी शेजारी उभा राहून ते वाचले. बोललो नाही. संध्याकाळी ठमाबाईंना सांगितले.

"पावणा येणार म्हणून झाडलं, त्यो गुन्हा?"

"वापर दिसला नाही ना."

"दिसंल कसा? उचलून ठेवला हुता! नीळकंठराव, तुमी सरकारात हुता. तुमाला ठावं पायजे हुतं."

मला ठाऊक होते.

पुढच्या आठवड्यात सुनावणी होती. मी ठमाबाईंच्या मागच्या खुर्चीवर बसलो.

साहेब म्हणाले, "आजी, मी स्वतः पाहिलंय. तिथं काही नव्हतं."

"तुमी येणार म्हणून न्हवतं. तुमच्या घरी पावणं आल्यावर अंथरुणं पसरल्याली असत्यात व्हय?"

"नाही."

"मग तुमच्या घरात कुणी निजत न्हाय, असं लिवायचं का?"

साहेबांनी पेनाला टोपण लावले. "बरं. पुन्हा कधी येऊ?"

"सांगू नका. तारीख कळली की ह्या बाया परत झाडत्यात."

सहा दिवसांनी ते भर दुपारी न सांगता आले. पटांगणात अकरा साड्या पसरलेल्या होत्या. "पाय! पाय बघा!" ठमाबाई ओरडल्या. साहेब एका पायावर थांबले. कावळे हाकणारी गल्लीतली उत्कर्षा जेवायला गेली होती, म्हणून ठमाबाईंनी साहेबांच्या हातात काठी देऊन त्यांना बाजेवर बसवले. अर्धा तास त्यांनी कावळे हाकलले. मग साड्यांच्या कडेकडेने जागा मोजली.

यंदा अंतिम आराखडा लागला. वाहनतळ जुन्या गोदामामागे गेला आहे. पटांगण हिरव्या रंगात आहे आणि त्यावर 'खुली जागा, वाळवणासाठी' असे छापले आहे. मी ठमाबाईंना नकाशावर बोट ठेवून दाखवले. त्यांनी चष्मा लावला.

"एवढीशी?"

"नकाशा आहे हा."

"बरं. साहेबाला सांगा, त्या दिवशी कावळ्यांनी उत्कर्षाच्या नऊ कुरडया नेल्या. त्येचं ध्यान न्हवतं."

सांगतो म्हणालो. अजून सांगितलेले नाही.